छोट्या ऑफिसात आयपीएस बसवताना: पायऱ्या आणि वाटेत लागणारे शब्द

सीएचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, पॅथॉलॉजी लॅब, छापखाना. वीस-पंचवीस संगणक, टॅलीचा एक सर्व्हर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र, दोन वायफाय आणि इंटरनेटवाल्याने लावून दिलेला डबा. अशा ठिकाणी 'आयपीएस बसवून घ्या' हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. आयपीएस म्हणजे इन्ट्रूजन प्रिव्हेन्शन सिस्टिम, नेटवर्कमधली घुसखोरी ओळखून अडवणारं यंत्र. विकायला आलेला माणूस आयडीएस, सिग्नेचर, इनलाइन, फेल-ओपन असे शब्द भराभर टाकतो आणि ऐकणारा मान डोलावतो. हे शब्द नीट कळले नाहीत की यंत्र भलत्याच जागी बसतं. मग त्याचे दिवे लुकलुकत राहतात, पण त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून इथे प्रत्येक शब्द तो ज्या पायरीवर लागतो त्याच पायरीवर उलगडला आहे. उदाहरणासाठी ओपीएनसेन्स हा मोफत मिळणारा फायरवॉल आणि त्याच्यातच येणारं सुरिकाटा हे इंजिन घेतलं आहे. पीएफसेन्स या तशाच दुसऱ्या फायरवॉलवर किंवा विकतच्या यंत्रांवर मेनूची नावं बदलतील, काम तेच राहील. ओपीएनसेन्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतही नावं थोडी इकडेतिकडे होतात.

आधी तीन शब्द वेगळे करू. नेटवर्कवरची माहिती छोट्या पाकिटांतून, म्हणजे पॅकेटमधून, जाते. फायरवॉल पाकिटावरचा पत्ता वाचतो: कोणाकडून आलं, कोणाला जातंय, कोणत्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर. आयडीएस, म्हणजे इन्ट्रूजन डिटेक्शन सिस्टिम, पाकीट उघडून आतला मजकूर वाचतो आणि काही संशयास्पद दिसलं की ओरडतो. पाकीट मात्र पुढे जातं. आयपीएस तेच वाचतो, पण पाकीट अडवूही शकतो. सुरिकाटा हे एकच इंजिन यातली दोन्ही कामं करतं, फरक फक्त ते कोणत्या मोडमध्ये चालवलं याचा. घुसखोरी ओळखायची रीतसर कल्पना डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली मांडली. मार्टिन रोश यांचं स्नॉर्ट हे मोफत इंजिन १९९८ मध्ये आलं आणि ही सोय सामान्य ऑफिसच्या आवाक्यात आली. सुरिकाटाची पहिली स्थिर आवृत्ती २०१० ची. ते प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी कामाला लावतं, म्हणून छोट्या डब्यावरही बरं चालतं.

पहिली पायरी: कागद घ्या, नकाशा काढा

यंत्राला हात लावण्याआधी कागदावर सगळं मांडा. इंटरनेटची वायर कुठे येते, स्विच किती, कोणता संगणक कोणत्या स्विचवर, टॅलीचा सर्व्हर कुठे, डीव्हीआर कुठे. ऑफिसची आतली पत्त्यांची रेंज लिहा. बहुतेक ठिकाणी ती १९२.१६८.१०.०/२४ अशा धाटणीची असते. शेवटचं /२४ म्हणजे या रेंजमध्ये २५६ पत्ते आहेत आणि त्यातले २५४ यंत्रांना देता येतात. ही रेंज पुढे लागणार आहे.

मग राउटरमधली पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला थेट आतल्या एखाद्या यंत्रापाशी नेऊन सोडणं. आपल्याकडे दोन नोंदी हमखास सापडतात: मालकांना घरून टॅली बघता यावी म्हणून उघडलेला रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, आणि मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरसाठी उघडलेला पोर्ट. या दोन्ही नोंदी आजच काढा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. घरून काम करायचं असेल तर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन लावा; ही दोन्ही घरापासून ऑफिसपर्यंत कुलूपबंद खासगी वाट करून देतात. उघड्या ३३८९ समोर आयपीएस बसवणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून कुत्रा पाळण्यासारखं आहे; कुत्र्याला कधीतरी डुलकी लागतेच.

दुसरी पायरी: यंत्र बसवायचं कुठे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

नजर ठेवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बाजूला उभं राहून बघणं. स्विचच्या सेटिंगमध्ये मिरर पोर्ट, म्हणजेच स्पॅन पोर्ट, चालू करायचा. (इथे पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा.) स्विचमधून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची प्रत तिथे येते. हे काम करणारं वेगळं उपकरणही मिळतं, त्याला टॅप म्हणतात. या मार्गाने आयडीएस चालतो, पण पॅकेट अडवता येत नाही, कारण हाती फक्त प्रत असते. दुसरा मार्ग इनलाइन: यंत्र वायरीच्या मधोमध, एका पोर्टने आत आणि दुसऱ्याने बाहेर. अडवायचं असेल तर इनलाइनला पर्याय नाही.

इनलाइन म्हटलं की लगेच फेल-ओपन आणि फेल-क्लोज्ड हे शब्द येतात. यंत्र बंद पडलं तर नेट चालू राहायचं की बंद व्हायचं, एवढाच त्यांचा अर्थ. महाग यंत्रांमध्ये बायपास कार्ड असतं, वीज गेली की ते दोन्ही पोर्ट आपोआप जोडून टाकतं. छोट्या डब्यात ते नसतं. डबा अडकला तर ऑफिसचं नेट गेलं. म्हणून डबा यूपीएसवर ठेवा, आणि जुना राउटर सेटिंगसकट कपाटात जपून ठेवा. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो लागू शकतो.

आता यंत्राने कोणत्या बाजूला बघायचं? ओपीएनसेन्समध्ये इंटरफेस, म्हणजे डब्याची नेटवर्कला जोडलेली बाजू, निवडताना बाहेरची वॅन बाजू निवडायचा मोह होतो, कारण हल्ला बाहेरून येतो असं आपण धरून चालतो. तरीही आतली लॅन बाजू निवडा. याला तीन कारणं आहेत. पहिलं, बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा पत्ता नॅट, म्हणजे आतल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी सोय, बदलून टाकतं. वॅनवरून बघणाऱ्याला सगळं एकाच राउटरकडून आल्यासारखं दिसतं, आणि अलर्ट आला तरी पंचवीसपैकी कोणता संगणक बिघडलाय ते कळत नाही. दुसरं, वॅनवर दिवसरात्र जगभरची स्कॅनिंग आदळत असते. फायरवॉल ती तशीही टाकून देणार असतो, त्यासाठी लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, भरण्यात अर्थ नाही. तिसरं कारण आपल्याकडे फार महत्त्वाचं. फायबरची अनेक कनेक्शनं पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी असतात, आणि सुरिकाटा ज्या नेटमॅप यंत्रणेवर इनलाइन चालतं ती पीपीपीओईच्या इंटरफेसवर चालत नाही.

लॅनवर बसवूनही एक आंधळी जागा उरते. एकाच स्विचवरचे दोन संगणक आपसात बोलतात तेव्हा ते पॅकेट गेटवेकडे, म्हणजे ओपीएनसेन्सच्या डब्याकडे, येतच नाही. एका संगणकात शिरलेला घुसखोर तिथून शेजारच्यात सरकतो, त्याला लॅटरल मूव्हमेंट म्हणतात. २७ जून २०१७ ला सुरू झालेलं नॉटपेट्या हे मालवेअर याच चालीने पसरलं. शिरकाव एका यंत्रात, आणि तिथून विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली चूक आणि चोरलेले पासवर्ड वापरून सगळ्या नेटवर्कभर. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही तेव्हा अडकलं होतं. त्या चुकीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. यावर छोट्या ऑफिसला परवडणारा उपाय म्हणजे व्हीलॅन: त्याच स्विचवर आखलेले वेगवेगळे गट. टॅलीचा सर्व्हर एका व्हीलॅनवर, कामाचे संगणक दुसऱ्या, कॅमेरे आणि हजेरीचं यंत्र तिसऱ्या. मग एका गटातून दुसऱ्या गटात जाणारं प्रत्येक पॅकेट ओपीएनसेन्समधून जातं आणि तपासलं जातं. यासाठी स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, हवा, साधा चालणार नाही.

तिसरी पायरी: डबा आणि त्याची पूर्वतयारी

चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी आणि निदान दोन नेटवर्क पोर्ट. पोर्ट इंटेलचे घ्या. रियलटेकच्या पोर्टवर नेटमॅप अनेकदा रडवतं: नेट मध्येच तुटतं आणि कारण सापडत नाही. इंटरनेटवाल्याचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसती वाहतूक पुढे देण्यापुरता, टाकायला सांगा, नाहीतर दोनदा नॅट होईल.

ओपीएनसेन्स चालू झाल्यावर इंटरफेसेसच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर ऑफलोडिंगच्या तिन्ही गोष्टी, चेकसम, टीएसओ आणि एलआरओ, बंद आहेत ना बघा. ऑफलोडिंग म्हणजे पॅकेट जोडण्या-तोडण्याचं आणि बेरीज तपासण्याचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणं. एरवी ते सोयीचं असतं. पण मग सुरिकाटाला वायरीवरचं खरं पॅकेट न दिसता कार्डाने जोडलेलं मोठं गाठोडं किंवा बेरीज न केलेलं पॅकेट दिसतं. लॉगमध्ये 'इनव्हॅलिड चेकसम'चा पाऊस पडत असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

घड्याळ एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीवर, लावा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल तर त्याचा लॉग विंडोजच्या लॉगशी ताडून बघताना डोकं पिकतं.

चौथी पायरी: आधी फक्त बघायचं

सर्व्हिसेसमध्ये इन्ट्रूजन डिटेक्शन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेशन उघडा. 'एनेबल्ड'वर टिक करा, आयपीएस मोड मात्र अजून बंदच ठेवा. इंटरफेस लॅन. व्हीलॅन असतील तर मूळ फिजिकल इंटरफेस निवडून प्रॉमिस्क्युअस मोड, म्हणजे समोरून जाणारं प्रत्येक पॅकेट वाचायची सोय, चालू करा. पॅटर्न मॅचरमध्ये, म्हणजे मजकूर जुळवून बघायच्या पद्धतींत, हायपरस्कॅन दिसत असेल तर तो घ्या, इंटेलच्या प्रोसेसरवर तो वेगाने चालतो.

अ‍ॅडव्हान्स्ड उघडलं की होम नेटवर्क्स दिसतं. नियमांमध्ये जिथे जिथे 'आमचं घर' असा उल्लेख असतो, तिथे सुरिकाटा हीच रेंज धरतं. सुरुवातीला तिथे खासगी पत्त्यांच्या मोठाल्या रेंज असतात. नकाशावर लिहिलेल्या आपल्या रेंज तेवढ्या ठेवा. एखादा व्हीलॅन इथे लिहायचा राहिला तर तो परका ठरतो, आणि 'बाहेरून आत' अशा दिशेचे नियम त्याच्या बाबतीत उलटे लागतात. अलर्ट भलतेच येतात किंवा येतच नाहीत.

मग डाउनलोडच्या टॅबमध्ये नियमांचे संच निवडा. नियम म्हणजेच सिग्नेचर. ईटी ओपन (ईटी म्हणजे इमर्जिंग थ्रेट्स) हा मोफत संच प्रूफपॉइंटकडून येतो. सगळ्यावर टिक करू नका, रॅम खाल्ली जाईल आणि गोंगाटात कामाचं काही सापडणार नाही. सुरुवातीला मालवेअर, एक्सप्लॉइट, फिशिंग, अ‍ॅटॅक रिस्पॉन्स आणि अब्यूस डॉट सीएचच्या घातक पत्त्यांच्या याद्या पुरेत. पॉलिसी आणि इन्फो हे गट नंतर बघू: कोणीतरी दुरून संगणक चालवणारं एनीडेस्क उघडलं, कोणीतरी टोरंट चालवलं, असल्या बातम्या ते देतात. निवड झाली की एनेबल, आणि मग डाउनलोड अँड अपडेट. शेड्यूलमध्ये रोज पहाटेची वेळ लावा. नियम शिळे झाले की यंत्र नुसतं शोभेचं उरतं.

एक नियम जवळून वाचू

यंत्र खरंच बघतंय का, हे तपासायला एक जुना नियम फार उपयोगी पडतो. एसआयडी २१००४९८. एसआयडी म्हणजे नियमाचा ओळख क्रमांक. १० लाखांपासून १९,९९,९९९ पर्यंतचे आकडे ज्याने त्याने आपल्या घरगुती नियमांसाठी वापरायचे असा संकेत आहे. स्नॉर्टच्या जुन्या मुक्त नियमांना ईटीने मूळ आकड्यात २१,००,००० मिळवून नवे क्रमांक दिले. हा मुळात स्नॉर्टचा ४९८ वा. उच्चाराप्रमाणे लिहिला तर तो असा:

अलर्ट आयपी एनी एनी → एनी एनी (मेसेज: 'जीपीएल अ‍ॅटॅक रिस्पॉन्स आयडी चेक रिटर्न्ड रूट'; कंटेंट: 'यूआयडी=०|२८|रूट|२९|'; क्लासटाइप: बॅड-अननोन; एसआयडी: २१००४९८; रेव्ह: ७)

पहिला शब्द अ‍ॅक्शन: दिसलं तर काय करायचं. इथे अलर्ट, म्हणजे नुसती नोंद. मग प्रोटोकॉल, मग कुठून कुठे. 'एनी' म्हणजे कोणीही, कोणताही पोर्ट. कंसात खरा गाभा. कंटेंटमधला मजकूर पॅकेटमध्ये जसाच्या तसा सापडला पाहिजे. उभ्या रेघांमधले २८ आणि २९ हे षोडशमान आकडे आहेत, उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या कंसाचे. म्हणजे हा नियम 'यूआयडी शून्य, कंसात रूट' एवढी एक ओळ शोधतो. लिनक्सवर आयडी ही आज्ञा दिली की 'तू कोण आहेस' याचं उत्तर येतं, आणि ही ओळ म्हणजे 'मी रूट, सर्वाधिकारी'. तुमच्या सर्व्हरकडून ही ओळ नेटवर्कवरून बाहेर जात असेल, तर कोणीतरी आत शिरून ती आज्ञा चालवली असण्याची शक्यता आहे. रेव्ह म्हणजे नियमाची कितवी दुरुस्ती.

आता याच नियमातला दोषही बघा. लिनक्स शिकवणाऱ्या एखाद्या पानावर हीच ओळ उदाहरण म्हणून छापलेली असेल, आणि ते पान साध्या एचटीटीपीवरून उघडलं, तरी अलर्ट येतो. हा फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटी ओरड. उलट तेच पान एचटीटीपीएसवरून आलं तर मजकूर कुलूपबंद असतो आणि नियम गप्प राहतो. हल्ला झालेला असून यंत्र गप्प बसलं तर तो फॉल्स निगेटिव्ह. तपासणीसाठी हेच वापरा: ही ओळ इंग्रजी अक्षरांत, uid=0(root) अशी, असलेली एक साधी मजकुराची फाइल एका व्हीलॅनवरच्या संगणकावर एचटीटीपीने ठेवा, दुसऱ्या व्हीलॅनवरून ती ब्राउझरमध्ये उघडा. अलर्टच्या टॅबमध्ये २१००४९८ दिसला पाहिजे. दिसला नाही तर इंटरफेस, होम नेटवर्क्स आणि अ‍ॅटॅक रिस्पॉन्सचा संच, या क्रमाने तपासा.

पाचवी पायरी: दोन आठवडे, रोज अर्धा तास

या पायरीवर लोक कंटाळतात आणि थेट अडवायला लागतात. मग बँकेचं पोर्टल उघडेना, विंडोज अपडेट अडकलं, असे फोन येतात आणि आठवड्याभरात आयपीएस कायमचा बंद होतो. एवढ्या मेहनतीने बसवलेलं यंत्र असं वाया गेलेलं बघवत नाही.

साधं गणित करा. समजा दिवसाला एक लाख कनेक्शन होतात आणि इंजिन हजारात एकदाच चुकतं. तरी रोज शंभर खोट्या ओरडी झाल्या, आणि खरी घुसखोरी वर्षात कदाचित एक. त्या गर्दीतलं ते एक सापडायचं तर रोजचे शंभर कमी करावे लागतात. या कामाला ट्यूनिंग म्हणतात.

रोज अलर्ट एसआयडीप्रमाणे मोजा आणि वरचे पाच घ्या. प्रत्येकाला तीन प्रश्न: कोणता संगणक, कोणाशी बोलला, त्या वेळी तिथे काय काम चालू होतं. नियमाला लागणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे नसेलच, तर नियम बंद करा. नियम बरोबर आहे पण एकाच यंत्राबाबत खोटा ठरतोय, उदाहरणार्थ रोज सगळ्यांना पिंग करणारा प्रिंटर, तर त्या एका पत्त्यापुरता तो दाबा. याला सप्रेस म्हणतात. नियम बरोबर आहे पण फार बडबडतो, तर थ्रेशोल्ड लावा: एकाच पत्त्याकडून १२० सेकंदांत पाच वेळा दिसलं तरच नोंद. चुकून एकदा पासवर्ड चुकवणारा कर्मचारी आणि पासवर्ड ओळखत बसलेलं यंत्र यांत फरक याच आकड्यांनी करता येतो.

खरे अलर्ट बहुधा आतून बाहेर जाणारे असतात. रात्री अडीच वाजता, ऑफिस बंद असताना, हिशोबाच्या संगणकाने ठराविक अंतराने एकाच परक्या पत्त्याला हाक मारणं, याला बीकनिंग म्हणतात. पलीकडे बसलेला सर्व्हर म्हणजे सीटू, कमांड अँड कंट्रोल. हे दिसलं तर पुढची पायरी सोडा आणि थेट शेवटच्या भागावर जा.

सहावी पायरी: अडवायला सुरुवात

आता आयपीएस मोड चालू करा. संध्याकाळी, लोक घरी गेल्यावर, कारण क्षणभर नेट तुटेल. मोड चालू केल्याने लगेच काही अडत नाही. ज्या नियमांची अ‍ॅक्शन ड्रॉप आहे तेवढेच अडवतात. ते ठरवायला पॉलिसीचं पान आहे. एक पॉलिसी बनवा: संच अब्यूस डॉट सीएचचे, आत्ताची अ‍ॅक्शन अलर्ट, नवी अ‍ॅक्शन ड्रॉप. हे ज्ञात वाईट पत्ते आहेत, खोटं ठरायची शक्यता कमी. तीन-चार दिवस शांततेत गेले की मालवेअरचा गट, मग एक्सप्लॉइट. फिशिंग सगळ्यात शेवटी. पॉलिसी आणि इन्फो हे नियमांचे गट कधीच ड्रॉपवर नेऊ नका.

ड्रॉप आणि रिजेक्ट यांत फरक आहे. ड्रॉप पॅकेट गिळून टाकतं, समोरचा उत्तराची वाट बघत राहतो. रिजेक्ट 'बंद आहे' असं कळवून कनेक्शन तोडतं. बाहेरच्याला ड्रॉप, आतल्या कर्मचाऱ्याच्या ब्राउझरसाठी रिजेक्ट बरं, नाहीतर पान मिनिटभर गोल फिरत राहतं आणि तक्रार नेट स्लो असल्याची येते.

चालू केल्यावर वेग मोजा. निम्म्याखाली आला तर प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर गेलाय का बघा, नियमांचे संच कमी करा, ऑफलोडिंग पुन्हा तपासा.

कुलपातल्या मजकुराबद्दल अपेक्षा माफक ठेवा. आता वेबवरची बहुतेक वाहतूक टीएलएसमध्ये, म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलपात, बंद असते. सुरिकाटाला त्यात कोणत्या साइटचं नाव मागितलं, प्रमाणपत्र कोणाचं, हस्तांदोलन कसं झालं, एवढंच दिसतं. सगळी वाहतूक मध्येच उघडून तपासायची सोयही असते, पण बँकिंग आणि आजाऱ्यांच्या नोंदी चालणाऱ्या ऑफिसात ती करू नये. त्यापेक्षा प्रत्येक संगणकावर चांगला अँटिव्हायरस आणि वेळेवर पॅच हा पैसा जास्त कामी येतो.

खरंच कोणी शिरलं असेल तर

त्या संगणकाची नेटवर्क वायर काढा, वायफाय बंद करा. संगणक बंद करू नका: मेमरीतला पुरावा जातो. मात्र डोळ्यांदेखत फाइली कुलूपबंद होत असतील तर वाट बघू नका, प्लग उपटा. सुरिकाटाचा ईव्ह लॉग, म्हणजे त्याची अलर्टची नोंदवही, आणि फायरवॉलचा लॉग पेन ड्राइव्हवर काढून तारीख-वेळ लिहून ठेवा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदला. सर्ट-इनला कळवायची मुदत, घटना लक्षात आल्यापासून, सहा तास आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारतातच, जपायचे आहेत. ओपीएनसेन्समध्ये लॉग आठवड्याला फिरवायचा पर्याय निवडला असेल तर जपायच्या लॉगची संख्या २६ करा. मूळची ४ असते, म्हणजे जेमतेम महिना. शिवाय सिसलॉगने, म्हणजे लॉग नेटवर्कवरून पाठवायच्या सोयीने, एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवा, कारण शिरलेला माणूस पहिल्यांदा हात घालतो तो लॉगलाच. आणि ओपीएनसेन्सची प्रत्येक मोठी अपडेट झाली की २१००४९८ ची ती फाइल पुन्हा एकदा उघडून बघा.